जोडणी न साधलेल्या आज्ञावली : शेअर्ड लायब्ररीच्या दोषांचे निदान

१

विदर्भातील बोलींचा अथवा जुन्या मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला छापील मजकूर संगणकावर आणण्याची गरज आता पदोपदी भासते. वऱ्हाडी आणि झाडीबोली यांतील शब्दरूपांची वारंवारता मोजावयाची असो, की डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीळाचरित्रा’सारख्या बृहद्‌ग्रंथातील क्रियापदांची सूची करावयाची असो, पृष्ठाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीवाचून हे काम आयुष्यभर पुरेल. अशा आज्ञावलींपैकी ‘टेसरॅक्ट’ ही विनामूल्य आणि मुक्त असल्यामुळे विद्यापीठांत विशेष रूढ आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळात ती घडली. २००५ मध्ये तिची मूळ संहिता सर्वांना खुली झाली. २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून तिने अक्षरओळखीसाठी मज्जातंतुजालाची पद्धत स्वीकारली, आणि पाचवी आवृत्ती २०२१ च्या नोव्हेंबरात आली. मराठीसाठी तिची स्वतंत्र प्रशिक्षित फाईल आहे.

तयार मिळणारी टेसरॅक्ट बहुतेक कामांना पुरते. परंतु जुन्या खिळ्यांची छपाई, बोलीतील अपरिचित रूपे किंवा विशिष्ट टंक यांसाठी आज्ञावलीला नव्याने शिकवावयाचे झाले, म्हणजे तिची प्रशिक्षण-साधने लागतात, आणि पुष्कळदा मूळ संहितेवरून सर्व काही स्वतः कंपाइल करणे भाग पडते. येथे भाषेच्या अभ्यासकाचा पाय अडखळतो. आज्ञावली तक्रार न करता तयार होते, आणि चालविताक्षणी संगणक एका ओळीत उत्तर देतो की, शेअर्ड लायब्ररी लोड करताना दोष झाला, ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५’ ही फाईल उघडता येत नाही, अशी फाईल अथवा निर्देशिका अस्तित्वात नाही. संशोधक निर्देशिका उघडून पाहतो, तो फाईल तेथेच असते. यंत्र खोटे बोलत आहे असे त्याला वाटू लागते. यंत्र खोटे बोलत नसते. ‘मी ज्या ज्या ठिकाणी पाहावयाचे त्या ठिकाणी ती नाही’ एवढेच ते सांगत असते.

या क्षणी घाईने केलेले उपाय पुढे महिन्यांचे काम नासवू शकतात. यास्तव या दोषांचे स्वरूप समजून घेणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम मानून चालणार नाही.

२

आज्ञावली दोन प्रकारांनी बांधता येते. तिला लागणारी सर्व उपकार्ये तिच्याच पोटात भरून ठेवणे, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात ती उपकार्ये वेगळ्या फाईलमध्ये, म्हणजे शेअर्ड लायब्ररीमध्ये, राहतात. आज्ञावलीत त्यांचा केवळ निर्देश असतो. आणि अनेक आज्ञावली एकाच लायब्ररीचा उपयोग करतात. प्रबंधलेखनातील परिचित भेदच येथे आहे. एखादा उतारा समग्र उद्धृत करणे निराळे, आणि ‘पाहा : अमुक ग्रंथ, दुसरी आवृत्ती’ असे लिहून पुढे जाणे निराळे. दुसऱ्या पद्धतीने प्रबंध आटोपशीर राहतो, परंतु वाचकाच्या हाताशी तो ग्रंथ, आणि तीच आवृत्ती, असावी लागते. कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकातील मल्टिक्स या प्रणालीत चालू आज्ञावलीला ऐन वेळी दुवा जोडण्याची सोय होती. सनओएसच्या १९८८ मधील चौथ्या आवृत्तीने ती युनिक्सच्या जगात रुजविली. आणि त्याच वंशातील ‘एल्फ’ ही फाईलरचना आज लिनक्सवर सर्वत्र वापरली जाते.

या पद्धतीत तीन निरनिराळे अधिकारी काम करतात, आणि कोणता दोष कोणाच्या तोंडून आला हे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी होय. कंपायलर मूळ संहिता वाचतो. त्याला लायब्ररीच्या केवळ शीर्षफाईली, म्हणजे उपकार्यांच्या नावांच्या आणि रूपांच्या याद्या, लागतात. लिंकर तुकडे एकत्र करतो. प्रत्येक नावाचा धनी कोण हे त्याला हवे असते. आणि लोडर आज्ञावली चालविण्याच्या क्षणी जागा होतो, निर्देशिलेल्या लायब्ररी शोधून आणतो. कंपायलर आणि लिंकर यांचे समाधान झाले म्हणून लोडरचे होईलच असे नाही, कारण तिघांच्या शोधाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. वर सांगितलेली तक्रार लोडरची होती. संशोधक मात्र बहुधा पुन्हा कंपाइल करावयास बसतो, म्हणजे ज्याची तक्रार नाही त्याचीच समजूत घालीत राहतो.

भारतीय परंपरेत वाक्यार्थबोधाची तीन अंगे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी, दोहोंचा संबंध जुळण्याजोगा असावा, आणि पदे एकमेकांच्या निकट यावीत. जोडणीचे दोष या तीन घरांत आश्चर्यकारक रीतीने बसतात. एखाद्या नावाला धनीच न मिळणे हा आकांक्षेचा भंग. धनी असून तो शोधाच्या टप्प्यात नसणे हा सन्निधीचा. आणि धनी सापडला, परंतु तो दुसऱ्याच आवृत्तीचा निघाला, हा योग्यतेचा. ही तुलना फार ताणू नये, हे खरे. कारण श्रोता संदर्भावरून पुष्कळ काही भरून काढतो, आणि लिंकर काहीच भरून काढीत नाही.

३

प्रथम सन्निधीचा विचार करू, कारण नवशिक्याला हाच दोष सर्वांत आधी भेटतो.

प्रत्येक शेअर्ड लायब्ररीच्या अंगावर तिचे एक अधिकृत नाव कोरलेले असते. त्यास ‘सोनेम’ म्हणतात. ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५’ यातील शेवटचा ५ हा अंक शोभेचा नाही. लायब्ररीचा बाह्य व्यवहार पूर्वीच्या आज्ञावलींना न मानवेल इतका बदलला की तो अंक बदलावा, असा संकेत आहे. लिंकर आज्ञावलीत हेच नाव नोंदवितो. फाईल कोणत्या निर्देशिकेत आहे, हे मात्र सामान्यतः नोंदवीत नाही. त्यामुळे लोडरला ती शोधावी लागते, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आज्ञावलीतच ‘आरपाथ’ या जुन्या पद्धतीने मार्ग लिहिलेला असेल, तर तो आधी. नंतर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या परिवेश-चलातील मार्ग. त्यानंतर आज्ञावलीतील ‘रनपाथ’ या नव्या पद्धतीचा मार्ग. मग लायब्ररींची पूर्वी तयार करून ठेवलेली सूची. आणि अखेरीस ‘/लिब’ व ‘/यूएसआर/लिब’ या प्रणालीच्या निर्देशिका. आज्ञावलीत रनपाथ असेल तर तिच्यातील आरपाथ दुर्लक्षिला जातो.

स्वतः कंपाइल केलेली लायब्ररी रूढीप्रमाणे ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मध्ये जाऊन पडते. डेबियन व उबुंटू यांच्या मांडणीत ही निर्देशिका सूचीसाठी विचारात घेतली जाते, परंतु सूची आपोआप नवी होत नाही. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने एकवार दिली की ती नवी होते, आणि अर्ध्याहून अधिक तक्रारी तेथेच मिटतात. टेसरॅक्टच्या स्थापनाविधीत ही पायरी स्पष्ट सांगितलेली आहे. ती वगळली जाते, कारण तोवर सर्व काही सुरळीत झालेले असते. फेडोरा व तिच्या कुळातील प्रणालींवर ही निर्देशिका मुळातच यादीत नसते, तेथे ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या निर्देशिकेत तिचा मार्ग लिहिलेली एक छोटी फाईल ठेवून मग एलडीकॉन्फिग चालवावे लागते.

निदानासाठी ‘एलडीडी’ ही आज्ञा पुरे. आज्ञावलीचे नाव तिला दिले म्हणजे ती प्रत्येक लायब्ररीपुढे ती कोठे सापडली ते लिहिते, आणि न सापडलेलीपुढे तसे नमूद करते. हिच्या वापरात एक सावधगिरी हवी. काही परिस्थितींत एलडीडी ती आज्ञावली प्रत्यक्ष चालविते; म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाईलवर ती वापरू नये. ‘रीडएल्फ’ या साधनाला ‘-डी’ हा पर्याय दिल्यास प्रत्यक्ष लागणाऱ्या लायब्ररींची नावे काही न चालविता वाचता येतात, आणि आरपाथ वा रनपाथ असल्यास तोही दिसतो.

कित्येकांना आणखी एक चमत्कार दिसतो. जेथे आज्ञावली बांधली त्या निर्देशिकेत ती बिनतक्रार चालते, आणि स्थापना केल्यावर नकार देते. याचे कारण असे की, ‘लिबटूल’ या साधनाने तेथे ठेवलेली फाईल ही खरी आज्ञावली नसून एक लहानशी पटकथा असते. ती योग्य मार्ग स्वतः लावून आत लपविलेल्या ‘.लिब्ज’ या निर्देशिकेतील खरी आज्ञावली चालविते. त्या पटकथेवर एलडीडी लावल्यास ‘ही गतिक आज्ञावली नव्हे’ असे उत्तर येते, आणि बिचारा संशोधक अधिकच बुचकळ्यात पडतो.

एलडी_लायब्ररी_पाथ हे चल परीक्षेपुरते उत्तम आहे. ते लावून आज्ञावली चालली, तर दोष सन्निधीचाच होता हे सिद्ध झाले. परंतु ते आपल्या प्रारंभफाईलमध्ये कायमचे लिहून ठेवण्याची जी प्रथा प्रयोगशाळांतून दिसते, ती घातक आहे. त्या खात्यातून चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला ते लागू होते. आज टेसरॅक्टसाठी लावलेला मार्ग उद्या दुसऱ्याच आज्ञावलीला चुकीची लायब्ररी पुरवितो, आणि तोवर ते लावले होते हेही विस्मरणात गेलेले असते.

सामायिक संगणकावर, जेथे प्रशासकाचा अधिकार नसतो, तेथे अधिक चांगला मार्ग असा. लेप्टोनिका आणि टेसरॅक्ट या दोन्ही आपल्या गृहनिर्देशिकेतील एका स्वतंत्र ठिकाणी स्थापाव्यात, आणि जोडणीच्या वेळीच तो मार्ग त्यांच्यात नोंदवावा. मात्र रनपाथचा एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. तो ज्या फाईलमध्ये लिहिला तिच्या प्रत्यक्ष गरजांपुरताच चालतो; गरजेच्या गरजेला तो लागू होत नाही. टेसरॅक्ट ही आज्ञावली लिबटेसरॅक्टला बोलाविते, आणि लिबटेसरॅक्ट लेप्टोनिकाला. केवळ पहिलीत मार्ग लिहिला तर दुसरी सापडेल आणि तिसरी हरवू शकेल. दोहोंतही तो लिहिला गेला पाहिजे. जुन्या आरपाथला ही मर्यादा नव्हती. त्यामुळे जुन्या टिपणांत दिलेली कृती नव्या संगणकावर अर्धवट यशस्वी होते.

४

आकांक्षेचे दोष लिंकरच्या तोंडून येतात, आणि त्यांचे दोन चेहरे आहेत.

अमुक लायब्ररी सापडत नाही, असे लिंकर म्हणतो तेव्हा बहुधा लायब्ररी संगणकावर असते, परंतु विकासकासाठीचा भाग नसतो. डेबियन-कुळात लायब्ररीचे दोन संच असतात. एकात चालविण्यापुरती फाईल, जिच्या नावाअखेर आवृत्तीचा अंक असतो. दुसऱ्यात, ज्याच्या नावापुढे ‘-डेव’ असते, शीर्षफाईली आणि अंकविरहित नावाचा दुवा. लिंकर अंकविरहित नाव शोधतो, लोडर अंकासहित. लेप्टोनिकाचा हा ‘-डेव’ संच नसेल, तर टेसरॅक्टची पूर्वतपासणीच थांबते, आणि लेप्टोनिकाची १.७४ वा पुढील आवृत्ती हवी असे सांगून कोणता संच स्थापावा हेही सुचविते. हा सौम्य आणि प्रामाणिक दोष होय.

याउलट प्रशिक्षण-साधनांच्या बाबतीत तपासणी थांबत नाही. त्यांना आयसीयू, पँगो आणि कैरो या तीन लायब्ररी लागतात. त्या न सापडल्यास, प्रशिक्षण-साधने बांधली जाणार नाहीत, असा इशारा शेकडो ओळींच्या गर्दीत एकदा उमटतो आणि काम पुढे चालू राहते. टेसरॅक्ट तयार होते, मजकूर ओळखते; आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप आरंभिला ते साधन मात्र कोठेच नसते. पूर्वतपासणीचे शेवटचे पान सावकाश वाचण्यात गेलेली पाच मिनिटे येथे दोन दिवस वाचवितात.

दुसरा चेहरा म्हणजे ‘अव्याख्यात निर्देश’. लायब्ररी सापडली, परंतु एखाद्या नावाची व्याख्या कोठेच मिळाली नाही. समजा, संशोधकाने टेसरॅक्टच्या लायब्ररीवर आधारलेली स्वतःची छोटी आज्ञावली लिहिली, आणि तीत चित्र वाचण्यासाठी लेप्टोनिकातील ‘पिक्सरीड’ हे उपकार्य सरळ बोलाविले. जोडताना मात्र त्याने केवळ टेसरॅक्टचा उल्लेख केला. टेसरॅक्ट स्वतःच लेप्टोनिकावर उभी आहे, तेव्हा वेगळा उल्लेख कशाला, हा त्याचा तर्क चुकीचा आहे असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु आजचा लिंकर अप्रत्यक्ष ओळख मान्य करीत नाही. धनी कोण हे त्याला ठाऊक असते, तो त्याचे नावही सांगतो, तरी आज्ञेत त्याचा उल्लेख नाही म्हणून काम नाकारतो. ज्याचे उपकार्य बोलवावयाचे त्याचा स्वतंत्र निर्देश केला पाहिजे. ‘पीकेजी-कॉन्फिग’ या साधनाकडून दोन्ही लायब्ररींची नावे व मार्ग मागून घेतल्यास ही चूक होत नाही.

निर्देशाचा क्रमही महत्त्वाचा असतो, आणि भाषेच्या अभ्यासकाला तो सहज पटेल. मराठीत ‘जो’ आधी येतो व ‘तो’ मागाहून. गरज प्रथम सांगितली जाते, आणि तिची पूर्ती नंतर येते. लिंकरही डावीकडून उजवीकडे असेच वाचतो. गरज असलेली फाईल आधी आणि ती भागविणारी लायब्ररी नंतर, हा क्रम. लायब्ररी आधी लिहिली तर त्या क्षणी तिची कोणालाच गरज दिसत नाही, आणि लिंकर तिला सोडून देतो. उबुंटूवर शेअर्ड लायब्ररींनाही हा नियम मुळातच लागू असतो. इतर काही प्रणालींवर तो तितका कडक नाही. एकच आज्ञा एका संगणकावर चालते आणि शेजारच्यावर चालत नाही, या विभागाविभागांतून ऐकू येणाऱ्या तक्रारीचे हे एक कारण आहे.

न सापडलेले नाव सी++ या भाषेतील असेल तर ते ओळखू न येण्याइतके विद्रूप दिसते. कारण त्या भाषेचा कंपायलर उपकार्याच्या नावात त्याच्या घटकांचे प्रकारही गुंफतो. एकाच नावाची अनेक उपकार्ये असू शकतात, त्यांतील भेद असा राखला जातो. नामाला विभक्तिप्रत्यय लागून मूळ रूप विकृत व्हावे, आणि त्या विकारावरूनच त्याचे कार्य कळावे, तसा हा प्रकार आहे. ‘सी++फिल्ट’ हे साधन अशा सामासिक नावाचा विग्रह करून देते. विग्रहात ‘सीएक्सएक्स११’ असा तुकडा दिसला आणि लायब्ररीतील नावात तो नसला, तर दोन्ही फाईली कंपायलरच्या निरनिराळ्या संकेतांनी बांधल्या आहेत असे समजावे. जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीने २०१५ मध्ये शब्दमालिकेची अंतर्गत रचना बदलली, तिची ही खूण होय. येथे आकांक्षेचा दोष वस्तुतः योग्यतेचा निघतो.

५

योग्यतेचे दोष सर्वांत अवघड, आणि परिणामाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर.

जुन्या संगणकावर नवी आज्ञावली आणली की ‘जीलिबसी २.३४ ही आवृत्ती सापडली नाही’ असा संदेश पुष्कळदा येतो. जीलिबसी ही लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीची पायाभूत लायब्ररी आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तिच्या २.३४ या आवृत्तीत आज्ञावलीच्या आरंभाशी निगडित अशा एका नावालाच नवी आवृत्ती-खूण मिळाली. त्यामुळे त्यानंतर बांधलेली अगदी लहान आज्ञावलीही जुन्या संगणकावर चालत नाही. उबुंटू २०.०४ वर ही लायब्ररी २.३१ आहे, २२.०४ वर २.३५. यावर उपाय एकच, आणि तो उलट दिशेचा आहे. ज्यांवर आज्ञावली चालवावयाची त्यांतील सर्वांत जुन्या प्रणालीवर ती कंपाइल करावी. जुन्यावर बांधलेली नव्यावर चालते. नव्यावर बांधलेली जुन्यावर चालत नाही. दुसऱ्या संगणकावरून जीलिबसीची फाईल आणून प्रणालीच्या निर्देशिकेत टाकणे, हा उपाय कोणी सुचविला तरी करू नये. ती फाईल बदलताना चूक झाली की फाईलींची यादी दाखविणारी साधी आज्ञाही चालेनाशी होते, आणि चूक दुरुस्त करावयास हाती साधन उरत नाही.

आयसीयूचे प्रकरण भाषाभ्यासकाच्या अधिक जवळचे आहे, कारण युनिकोडविषयक सर्व सूक्ष्म व्यवहार हीच लायब्ररी करते. तिच्या कर्त्यांनी एक निराळा संकेत स्वीकारला आहे. प्रत्येक उपकार्याच्या नावालाच आवृत्तीचा अंक जोडलेला असतो. ६६ व्या आवृत्तीतील नाव ७० व्या आवृत्तीत त्या रूपात नसतेच. त्यामुळे शीर्षफाईल एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसरीची, असा संकर झाला की जोडणी तत्काळ मोडते. हा संकर होतो कोठे? पुष्कळदा ‘कोंडा’च्या परिवेशात. संख्याशास्त्रीय कामासाठी संशोधकाने कोंडा सुरू ठेवलेले असते. त्याची स्वतःची आयसीयू, स्वतःची सी++ लायब्ररी असते. आणि त्याच खिडकीतून टेसरॅक्ट कंपाइल केली की शीर्षफाईली एकीकडच्या आणि लायब्ररी दुसरीकडची अशी गफलत होते. न सापडलेल्या नावाच्या शेवटी असा अंक दिसला, की प्रथम तो परिवेश बंद करून, बांधणीची निर्देशिका स्वच्छ करून, नव्याने आरंभ करावा. आयसीयूचा हा संकेत कटकटीचा वाटतो. परंतु मोठ्याने मोडणारी जोडणी ही मुकाट्याने चुकणाऱ्या जोडणीपेक्षा शतपटीने बरी.

मुकाट्याने चुकणारी जोडणी संशोधक बहुधा स्वतःच निर्माण करतो. लेप्टोनिकाच्या १.८३ या आवृत्तीपासून लायब्ररीचे नाव ‘लिबलेप्ट’ऐवजी ‘लिबलेप्टोनिका’ झाले आणि तिच्या सोनेमचा अंक ५ वरून ६ झाला. प्रणाली अद्ययावत केल्यावर पूर्वी बांधलेली टेसरॅक्ट ‘लिबलेप्ट.एसओ.५’ मागू लागते व ती मिळत नाही. तेव्हा नव्या फाईलला जुन्या नावाचा दुवा जोडून द्यावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. एक ओळीची आज्ञा, तक्रार थांबते. परंतु सोनेमचा अंक बदलला याचा अर्थच असा की, जुन्या आज्ञावलीची लायब्ररीच्या अंतर्रचनेविषयीची गृहीते आता खरी असतीलच याची शाश्वती उरलेली नाही. आज्ञावली तेथल्या तेथे कोसळली तर भाग्य समजावे. ती चालत राहिली, तर तिच्या निष्पत्तीवर कोणत्या आधारावर विश्वास ठेवावयाचा? दुसऱ्या आवृत्तीच्या ग्रंथाला पहिलीचे मुखपृष्ठ चिकटविल्याने पृष्ठांक जुळत नाहीत. येथे टेसरॅक्ट पुन्हा कंपाइल करणे हाच मार्ग आहे, आणि त्यास आजच्या संगणकावर फारसा वेळही लागत नाही.

हाताने बांधलेल्या लायब्ररीचा उपद्रव उलट दिशेनेही पोहोचतो. डेबियन-कुळात सूचीच्या क्रमात ‘/यूएसआर/लोकल/लिब’ प्रणालीच्या निर्देशिकेआधी येते. तेथे त्याच सोनेमची लेप्टोनिका ठेवली की संगणकावरील इतर आज्ञावलीही नकळत तीच वापरू लागतात. आणि ती बांधतेवेळी टिफ अथवा पीएनजी चित्रांच्या लायब्ररींचे ‘-डेव’ संच नसतील, तर लेप्टोनिका त्या प्रकारची चित्रे वाचण्याची क्षमता वगळूनच तयार होते. जोडणी निर्दोष, लोडरची तक्रार नाही. केवळ ग्रंथालयातून आणलेली टिफ पृष्ठे उघडत नाहीत. ‘टेसरॅक्ट’ला तिची आवृत्ती विचारली असता ती स्वतःच्या क्रमांकाबरोबर प्रत्यक्ष लोड झालेल्या लेप्टोनिकाचा क्रमांक आणि तीत सामील असलेल्या चित्र-लायब्ररींची नावेही छापते. ही यादी पाहिल्यावाचून कोणताही संच प्रक्रियेस लावू नये. याहून खोलात जावयाचे असल्यास ‘एलडी_डीबग’ या चलाला ‘लिब्ज’ असे मूल्य देऊन आज्ञावली चालवावी, म्हणजे लोडर कोठे कोठे गेला आणि अखेर काय उचलले याचा वृत्तांत तो स्वतःच देतो. ओळी पुष्कळ येतात; परंतु इतका सत्यवचनी साक्षीदार दुसरा नाही.

‘मराठीची फाईल लोड करता येत नाही’ असा जो एक दोष या मालिकेत वारंवार मोडला जातो, त्याचा मात्र जोडणीशी काडीचाही संबंध नाही. प्रशिक्षित माहितीची निर्देशिका आज्ञावलीला सापडलेली नसते, एवढेच. त्यासाठी एलडीकॉन्फिग पुन्हा पुन्हा चालविणारे दिसतात.

६

एवढ्या खटपटीत पणाला काय लागलेले असते, हे एका शब्दावरून दिसेल. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील अर्धा र मराठीच्या खास वळणाने लिहिला जातो. तो हिंदीच्या रफारासारखा ह च्या डोक्यावर चढला, की शब्द मराठी वाचकाला खटकतो. युनिकोडमध्ये हे वळण दोन रीतींनी साधता येते : एकतर नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधकचिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आयसीयूकडून प्रमाणीकरण करून घेतले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत; कारण ते प्रमाणीकरण ‘ऱ’ची संयुक्त आणि विघटित रूपे एकत्र आणते, सांधकचिन्ह मात्र जसेच्या तसे ठेवते. शब्दांची गणना करणाऱ्याने याची स्वतंत्र व्यवस्था न केल्यास ‘वऱ्हाडी’ हा एक शब्द सूचीत दोन ठिकाणी येतो.

प्रशिक्षणाच्या वेळी हाच प्रश्न दृश्य पातळीवर उभा राहतो. मजकुरावरून नमुना-चित्रे तयार करणारे टेसरॅक्टचे साधन पँगोकडे अक्षरजुळणी सोपविते. पँगो ते काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेते. तिचे नाव फारसी आहे, आणि फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. कंपाइल करताना एक हार्फबझ, आणि चालविताना भलत्याच परिवेशातून आलेली दुसरी, असे झाले तर जोडाक्षरांची जुळणी कोणाच्या नियमाने झाली हे सांगता येत नाही. आणि चुकीच्या वळणाचे शेकडो नमुने पाहून आज्ञावली ते वळणच ‘वऱ्हाडी’ म्हणून शिकेल. यास्तव पूर्ण प्रशिक्षण आरंभिण्यापूर्वी ‘वऱ्हाडी’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ आणि त्यांच्या शेजारी ‘सूर्य’, ‘कार्य’ असे दहापाच शब्द घेऊन एक चित्र काढावे, आणि ते डोळ्यांनी तपासावे. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्य’ यांतील र वेगवेगळ्या वळणांचे उमटले पाहिजेत. तसे न दिसल्यास त्याच क्षणी नमुना-चित्रे काढणाऱ्या साधनावर एलडीडी लावून पँगो, हार्फबझ व आयसीयू कोणत्या निर्देशिकेतून येत आहेत ते पाहावे. तिन्ही एकाच ठिकाणच्या असतील तर दोष जोडणीत नसून टंकात आहे असे मानून टंक बदलून पाहावा.

प्रबंधात केवळ ‘टेसरॅक्टच्या साह्याने मजकूर मिळविला’ असे लिहून भागत नाही. टेसरॅक्ट, लेप्टोनिका, आयसीयू, पँगो आणि हार्फबझ यांचे आवृत्तिक्रमांक, प्रणालीचे नाव व क्रमांक, आणि प्रशिक्षित फाईल कोणती, ही नोंद परिशिष्टात द्यावी. एलडीडीचे संपूर्ण उत्तर आणि आवृत्तीच्या आज्ञेचे उत्तर एका फाईलमध्ये साठवून मजकुराच्या संचाबरोबर ठेवावे. हे उत्तर मजकूर मिळविला त्याच दिवशी घ्यावयाचे असते. दोन वर्षांनी, परीक्षकाने विचारल्यावर, तोच संगणक मधल्या काळात अद्ययावत झालेला असतो आणि दुसरेच उत्तर देतो.